धावणाऱ्या मुलीचे घर

ऑगस्ट महिना लागला की आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर फक्की पडते. पावसाने भिजलेल्या मातीवर पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, रात्रीच्या सरीने त्या पुसून जातात आणि सकाळी पी. टी. चे सर पुन्हा हातात डबा घेऊन मैदानाला गोल फेरी मारतात. शालेय क्रीडा स्पर्धांचा हा हंगाम. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले-मुली आधी तालुक्याला खेळतात, तिथून जिल्ह्याला, मग विभागाला, आणि पाय व नशीब दोन्ही साथ देतील तर राज्याला. क्रिकेटमध्ये पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्याला दुसरा डाव तरी असतो. आमच्याकडच्या धावणाऱ्या मुलांना तोही नसतो. ८०० मीटरची शर्यत तालुक्याला तीन मिनिटांच्या आत संपते. त्या तीन मिनिटांत मागे पडलेल्या मुलाचे वर्ष तिथेच संपलेले असते. पुढची संधी पुढच्या ऑगस्टला.

मोठ्या माणसालाही जड जाईल असा हा हिशेब आहे. तो १३-१४ वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर आपण दरवर्षी ठेवतो, आणि वर म्हणतो, "टेन्शन घेऊ नकोस."

आम्ही दोघेही शिक्षक. एकजण उर्दू हायस्कूलमध्ये, दुसरा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. गाव सांगली जिल्ह्यातले. आमची थोरली मुलगी सहावीपासून धावते, आता दहावीत आहे. तिच्याबद्दल जे लिहितो आहोत ते तिला विचारूनच. नाव मात्र घालू नका म्हणाली, म्हणून ते नाही.

शिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला आम्ही बरीच वर्षे उभे राहिलो आहोत. शर्यतीच्या सकाळी पोटात कळ येते म्हणणारी मुले पाहिली आहेत. अंडी उकडून, दूध पाजून आणलेला मुलगा रांगेत उभा राहण्याआधी सगळे ओकून टाकतो, हेही पाहिले आहे. असे झाले की घरचे म्हणतात, "नाटकं करतोय." ते नाटक नसते. भीतीने आतड्यांवर खरोखर परिणाम होतो. छाती धडधडते, हात गार पडतात, सारखे लघवीला जावेसे वाटते. शरीर धावायची तयारी करत असते. रक्त पोटाकडून पायांकडे वळवत असते. एवढे साधे आधी कुणी समजावून सांगितले, तर मुलांना त्या धडधडीचीच वेगळी भीती वाटत नाही. "घाबरू नकोस" या दोन शब्दांचा मात्र काही उपयोग होत नाही. घाबरणे थांबत नाही, उलट आपण घाबरलो ही शरम वर येऊन बसते. आम्ही मुलांना श्वास सांगतो: नाकाने सावकाश घ्यायचा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ तोंडाने सोडायचा, पाच-सहा वेळा. आणि शर्यतीच्या दिवशी नवे काहीही नको. नवे बूट नकोत, नवा पदार्थ नको, शेजारच्या काकांनी सुचवलेले पावडरचे पाणी तर मुळीच नको.

मैदानाच्या कडेला वडील मंडळी मोटारसायकलवर बसून असतात. शिट्टी वाजली की त्यांचा आवाज मुलांच्या आधी धावू लागतो. "पळ! पळ की! काय झोपला का?" एकदा एका मुलाला आम्ही विचारले, धावताना काय ऐकू येते? तो म्हणाला, "दुसऱ्यांचं काहीच येत नाही. अब्बांचं सगळं येतं." मुलाच्या कानाला घरचा आवाज ओळखीचा असतो, तो गर्दीतून बरोबर वाट काढतो. मग तो आवाज काय घेऊन जातो, हे आपण ठरवायचे.

आमची मुलगी १४ वर्षांखालील गटात आठवीच्या वर्षी विभागापर्यंत गेली. छोटी, काटकुळी, वाऱ्यासारखी. नववीत गटही बदलला आणि शरीरही. मुलींच्या बाबतीत हे वय फार कठीण असते आणि त्याविषयी आपल्या घरांत कुणी बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या वयात मुलांचे स्नायू वाढतात, छाती रुंदावते, त्यांची वेळ आपोआप सुधारते. मुलींचे कंबर-नितंब रुंदावतात, अंगावर थोडी चरबी येते, महिन्याच्या महिन्याला रक्त जाते. तितकीच मेहनत करूनही वेळ तिथेच अडकून बसते, कधी मागे जाते. एक-दोन वर्षांत शरीर नव्या मापाला सरावते आणि बऱ्याच मुली पुन्हा वेग धरतात. पण तेवढा धीर धरायचा कुणी? घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस म्हणतो, पोरगी आळशी झाली.

आमच्या मुलीला तेव्हा शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी तिला चार मुलींसमोर सांगितले की वजन कमी कर, भाकरी बंद कर. गृहस्थ वाईट नव्हते. वर्षानुवर्षे पहाटे उठून कितीतरी मुलांना एक पैसा न घेता त्यांनी पळवले आहे. पण त्यांना जे शिकवले गेले तेच ते पुढे देत होते. मुलीने ते वाक्य घरी सांगितले नाही. डबा मात्र सांगू लागला. आधी अर्धी चपाती परत यायची, मग दीड. रात्री म्हणायची, मैत्रिणीकडे खाल्ले. गोष्टीगोष्टीला चिडायची, धाकट्या भावाशी बोलणे बंद, पहाटे साडेचारला गजर नसतानाही जागी. आणि एके दिवशी तिच्या अम्मीच्या लक्षात आले की स्नानगृहातल्या कपाटात आणून ठेवलेले पॅडचे पाकीट तीन महिने फोडलेलेच नाही.

विचारल्यावर ती म्हणाली, "बरंच झालं ना अम्मी. प्रॅक्टिस चुकत नाही."

ती खरोखर खूश होती.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२ च्या आसपास हवे, ते ९ च्या खाली होते. नडगी दुखते हे ती महिनाभर लपवत होती. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तीन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्यात हाडावर केसासारखी रेघ दिसली. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. जेवढे जाळते तेवढे खाल्ले नाही तर शरीर काटकसर सुरू करते, आणि घरखर्चात आपण जसे आधी सण-समारंभ कमी करतो तसे ते आधी पाळी बंद करते. पाळी ज्या संप्रेरकांवर चालते त्यांचेच काम हाडे भरण्याचेही असते. आयुष्यभर पुरणारी हाडांची पुंजी बहुतेक करून विशीच्या आतच साठते. तेव्हा पाळी थांबणे ही सोय नव्हे, ती धोक्याची घंटा. नव्याने सुरू झालेली पाळी पहिली वर्ष-दोन वर्षे पुढे-मागे होते, ते वेगळे. पण नियमित झालेली पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जायचे, आणि मुलगी खेळत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचे.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यांत होते असे नाही. मेरी केन नावाची अमेरिकन मुलगी २०१३ मध्ये १७ व्या वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत धावली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत प्रशिक्षण केंद्रांपैकी एकात तिला घेतले गेले. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले की तिथे तिला सतत वजन कमी करायला लावले, सोबतच्या खेळाडूंसमोर काट्यावर उभे केले, तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. तिथे पैसा होता, यंत्रे होती, तज्ज्ञ होते. मुलीच्या ताटात काय उरते आहे हे पाहणारे कुणी नव्हते. ते पाहायला पदवी लागत नाही. आपल्या घरातली अम्मी, दादी, खाला रोज ते पाहत असतात. फक्त पाहिलेले बोलून दाखवायची मोकळीक घरात हवी.

आम्ही प्रशिक्षकांना भेटलो. शांतपणे एवढेच सांगितले की मुलीशी वजनाचा विषय काढायचा नाही, काही वाटले तर आमच्याशी बोला. ते म्हणाले, "मग तिला दुसरीकडे न्या. माझ्या हाताखाली माझ्या पद्धतीनं." आम्ही नेले. तालुक्यात दुसरे कुणी नाही हे त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरातले सगळ्यात लांब महिने. धावणे बंद. सुरुवातीचे दोन आठवडे तर भरभर चालायचेही नाही. लोकांना वाटते, आजारपणात मुलाला विश्रांती मिळते. खेळणाऱ्या मुलाला ती सजा वाटते. ती पहाटे उठून अंथरुणात बसून राहायची. वर्गात "पळणारी" म्हणून ओळख होती, आता मैत्रिणी विचारायच्या, "बंद केलंस?" मुलाची सगळी ओळख एकाच गोष्टीला टांगलेली असली की ती गोष्ट निसटताच सगळे घरंगळते. म्हणून आम्ही पालकांना नेहमी सांगतो की खेळणाऱ्या मुलाला खेळाबाहेरचा एखादा कोपरा राहू द्या. आमच्या मुलीला मेंदी छान काढता येते. तो कोपरा त्या दिवसांत उपयोगी आला, पण थोडाच. उगाच खोटे कशाला सांगा?

नातेवाईक आपापल्या परीने आले. कुणी म्हणाले, चला, सुटलात. कुणी म्हणाले, दहावी तोंडावर आहे, आता बास. मोहल्ल्यातल्या दोन-तीन जणांना तर मनातून बरेच वाटले असावे. मुलगी मैदानात पळते हेच त्यांना खुपत होते. आमची मुलगी पूर्ण टाइट्स, लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि मागे घट्ट बांधलेला स्कार्फ घालून धावते. तिला तसेच बरे वाटते. बहारीनची रुकाया अल घसरा डोके झाकूनच धावायची आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत २०० मीटरचे सुवर्ण तिने तसेच जिंकले. हे सांगितले की काहींचे समाधान होते, काहींचे होत नाही. ज्यांचे होत नाही त्यांच्याशी बोलायचे काम आमचे, असे आम्ही वाटून घेतले आहे. ते बोलणे मुलीपर्यंत पोचता कामा नये. निजामाबादची निखत झरीन बॉक्सिंगमध्ये उतरली तेव्हा तिच्या घरच्यांनाही असले बोल ऐकावे लागले होते. तिच्या वडिलांनी लोकांचे लोकांपाशी ठेवले आणि मुलीला सरावाला नेत राहिले. २०११ मध्ये ती ज्युनियर जगज्जेती झाली, २०१७ मध्ये खांद्याला इजा होऊन महिनोन् महिने बाहेर बसली, २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदकाच्या आधीच हरून रडली. वडिलांच्या लेखी या सगळ्या वर्षांत मुलगी एकच असणार.

त्या चार महिन्यांत ज्यांच्याकडून आशा नव्हती त्यांनी मोठी मदत केली: आमच्या घरातल्या दादीने. पोरीच्या जातीने इतके पळू नये असे म्हणणाऱ्यांत एकेकाळी त्याही होत्या. त्यांना साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे आणि रोज टाळायच्या. मुलीला हळू चालायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी त्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. "चल गे, मेरे संगात चल. मेरे से अकेली से नै होता." मग रोज दोघी मार्केट यार्डापर्यंत. दादीची चाल इतकी सावकाश की मुलीला घाई करताच येत नसे. वाटेत दादी खेळाबद्दल एक शब्द काढत नसत. कुणाच्या लग्नात काय झाले, जुन्या घरातल्या विहिरीत कोण पडले, असेच काहीबाही. परत आल्यावर दोघी एका ताटात बसायच्या, आणि दादी तिच्या पुढ्यात भाकरी मोडून ठेवायच्या. ती निमूट खायची. आम्ही आहाराचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. त्याच्याकडे ती बघतही नसे.

त्याच सुमारास रमजान आला. रक्त कमी, औषधे चालू. डॉक्टरांनी रोजे नको म्हटले. तिला फार लागले, कारण सातवीपासून तिने एकही सोडला नव्हता. दादीनेच सांगितले की आजारात सूट आहे, बरी झालीस की कझा कर. तो विषय तिथे मिटला. एरवी निरोगी मुले रोजे ठेवून सराव करतात तेव्हा आम्ही एवढेच पाहतो की जोराचा सराव दिवसा होऊ नये, इफ्तारच्या आधी अर्धा तास हलके पळणे किंवा तरावीहनंतर थोडा व्यायाम व्हावा, आणि सहरीला उठायचा आळस नको. नशीब की हल्ली काही वर्षे रमजान स्पर्धांच्या हंगामाबाहेर येतो. मात्र परीक्षेत येतो, ती चिंता वेगळी.

मन दुखते तेव्हा कुणाकडे जावे, हा प्रश्न आपल्याकडे अजून कुजबुजून विचारला जातो. पाय मोडला तर सगळा मोहल्ला भेटायला येतो. मन मोडले तर आपण दार लावून घेतो. आमच्या मुलीने एका रात्री विचारले, "मी पळत नसेन तर तुम्ही लोकांना माझ्याबद्दल काय सांगाल?" त्या रात्री आम्ही दोघे झोपलो नाही. सकाळी डॉक्टरबाईंशी बोललो. त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे पाठवले. चार वेळा गेलो. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही दोघांनी आपापल्या शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. कुणी विचारले, कुणासाठी, तर सांगतो, सगळ्यांसाठी.

समुपदेशक बाईंनी मुलीला सिमोन बाइल्सची गोष्ट सांगितली. तिने घरी येऊन ती आम्हाला सांगितली, जणू तिच्या मैत्रिणीचीच. जगातली सर्वांत मोठी जिम्नॅस्ट २०२१ मध्ये टोकियोत एका उडीनंतर सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली, कारण हवेत आपण कुठे आहोत हेच तिला उमगेना. त्या खेळात असे झाले तर मान मोडू शकते. लोकांनी तिला पळपुटी म्हटले. त्याच स्पर्धेत तिने पुढे बीमवर कांस्य घेतले आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्य. मुलीला पदकांपेक्षा दुसरेच आवडले होते. म्हणाली, "तिने सांगितलं, मला आत्ता जमत नाही. आणि टीमनं ऐकलं."

जवळचीही माणसे आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर पंचविशीजवळ स्टीपलचेसकडे वळली. २०१६ मध्ये रिओला अंतिम शर्यतीत दहावी आली. पी. टी. उषांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिलीच भारतीय स्त्री. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला, तिथे धावणे सुरू झाले आणि स्टीपलचेस त्याहून नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १४ वर्षांखालील गटात कोण कितवे आले होते, हे आज त्यांना कुणी विचारत नाही. दहावीतल्या मुलीला हे ऐकवले की तिच्या चेहऱ्यावर थोडा अविश्वास दिसतो. या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ असतो.

पैशाविषयी एक बोलायचे राहिले. स्पाइक्स महाग असतात. प्रवास, खुराक, डॉक्टर यांचा खर्च शिक्षकाच्या पगारातही जाणवतो, मजुरी करणाऱ्या घरात तर तो ताटातला घास असतो. म्हणून हरलेल्या मुलासमोर "तुझ्यासाठी एवढा खर्च केला" हे तोंडातून निघते. एका वडिलांना आम्ही मैदानावरच, सगळ्यांदेखत, बुटांची किंमत मोठ्याने सांगताना ऐकले आहे. मुलगा खाली बुटांकडे बघत होता. त्या दिवसापासून तो त्या बुटांचे कर्ज घेऊन धावतो. खर्च झेपत नसेल तर मुलाला आधी शांतपणे सांगावे, मुले समजून घेतात. पण एकदा खर्च केला की तो विसरावा. दहावीच्या सवलतीच्या गुणांचेही तसेच. खेळाच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत गुण मिळतात, ही चांगली सोय आहे. त्यापायी वर्षभर मैदान न पाहिलेल्या मुलांचे पालक सप्टेंबरात आमच्याकडे येतात आणि विचारतात, "सर, कुठल्या तरी टीममध्ये बसवता येईल का?" त्यांच्याविषयी काही न लिहिलेलेच बरे.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त बिघडते. मूल हरून गाडीत बसते, घाम वाळलेला नसतो, आणि आपण सुरू करतो: पहिला राउंड फार जोरात घेतलास, वळणावर आत का नाही शिरलीस, त्या मुलीला पुढे का जाऊ दिलंस. हे सगळे त्याला आपल्याहून चांगले माहीत असते. आमच्या घरात ठरलेले आहे की शर्यतीनंतर आम्ही फक्त "भूक लागली का?" एवढेच विचारायचे. बाकी तिला बोलायचे असेल तेव्हा ती बोलेल. एकदा विभागीय स्पर्धेहून एस. टी. ने परत येत होतो. मायलेकीचे अर्धे तिकीट, अब्बांचे पूर्ण, यावरून थोडी थट्टा झाली आणि मग दोन तास कुणी काही बोलले नाही. कराडच्या स्थानकावर गाडी थांबली, आम्ही वडापाव घेतला. दुसरा घास घेताना ती आपणहून म्हणाली, "तिसऱ्या राउंडला मला वाटलं, आता सोडावं. पण सोडलं नाही." त्यावर तिला आमच्याकडून काहीच नको होते. आम्ही मिरची पुढे केली.

एप्रिलमध्ये तिने पुन्हा धावायला सुरुवात केली. एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे. आता तिला शिकवायला कुणी नाही. हायस्कूलचे पी. टी. चे सर मूळ व्हॉलीबॉलचे, ते घड्याळ धरतात आणि सांगतात की मला यातले फारसे कळत नाही. आम्हाला ते आवडते. पाळी मे महिन्यात आली. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. यंदा सप्टेंबरात तालुक्याला ती ८०० मीटरमध्ये उतरली आणि चौथी आली. पुढे जाणाऱ्यांत नव्हती. तिच्या जुन्या प्रशिक्षकांची मुलगी पहिली आली. आमची तिच्याकडे गेली, हात मिळवला, आणि मग खूप वेळ पाण्याच्या टाकीमागे उभी होती. आम्ही तिकडे गेलो नाही. थोड्या वेळाने आली, डोळे लाल होते, म्हणाली, "डब्यात काय आहे?"

दादी हल्ली यार्डाच्याही पुढे, कॅनॉलच्या पुलापर्यंत जातात. सोबतीला कधी मुलगी असते, कधी धाकटा. मुलीचा दहावीचा अभ्यास चालू आहे. गणिताची रड आहे, ती घरोघरी असतेच. पुढची तपासणी डिसेंबरात आहे. तिने डॉक्टरबाईंना विचारायचे दोन प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. हाडाचा पुन्हा एक्स-रे लागेल का, आणि बोर्डाची परीक्षा झाल्यावर ३००० मीटरचा सराव सुरू केला तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेही येऊ शकते, हे आम्ही तिला सांगितले आहे. ती म्हणाली, माहीत आहे, पण विचारायचं मीच. तुम्ही दोघं बाहेर बसा.